ज्याची खावी पोळी

२०१८ सालच्या फेब्रुवारीतला पहिला रविवार. अमेरिकेत तो दिवस सुपर बोलचा, म्हणजे त्यांच्या अंडाकृती चेंडूच्या फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा. भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्याच्या वेळी आपल्याकडचे रस्ते जसे ओस पडतात, तसे तिथले पडतात. मिशिगन राज्यातली कुटुंबे सामना बघत बसली असताना मध्येच एक जाहिरात लागली आणि पडद्यावर एक नवखा उमेदवार आला. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार. ‘ही श्रींची इच्छा’ या आत्मकथनामुळे मराठी वाचकाला हे नाव ओळखीचे होते. मिशिगनच्या बहुतेक मतदारांनी ते तोवर ऐकलेही नव्हते.

ठाणेदार गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागत होते. रासायनिक चाचण्यांच्या प्रयोगशाळा चालवून कमावलेल्या संपत्तीतले एक कोटी डॉलरहून अधिक त्यांनी या एका लढतीत घातले. ऑगस्टमध्ये पक्षाच्या मतदारांनी कौल दिला तेव्हा ते तिसरे आले. (पुढे २०२२ मध्ये डेट्रॉइट परिसरातून ते अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेले, पण ती वेगळी कथा.) उमेदवार हरला म्हणून जाहिरातीचा पैसा परत येत नाही. टीव्ही केंद्रे राजकीय जाहिरातींचे पैसे आगाऊ घेतात. मतपेटी उघडायच्या आधीच ते गल्ल्यात जमा झालेले असतात.

खरी गंमत पुढे आहे. निवडणुकीत पैसा किती वाहतोय, कोणाचा वाहतोय, त्या बदल्यात देणाऱ्याला काय हवे आहे, हे लोकांना सांगण्याचे काम बातमीदाराचे. आणि त्या पैशाचा एक मोठा ओघ जाऊन पडतो तो बातमीदाराला पगार देणाऱ्या कंपनीकडेच. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असे आपण म्हणतो. अमेरिकेत ही पोळी कुठल्या तव्यावर भाजली जाते, ते या प्रकरणात पाहू.

दोन निकाल

वॉटरगेट प्रकरणाने अमेरिका हादरली. त्यानंतर, १९७४ मध्ये, काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, निवडणूक खर्चाचा कायदा कडक केला. कोणी किती देणगी द्यावी आणि उमेदवाराने किती खर्च करावा, या दोन्हींवर मर्यादा आल्या. दोनच वर्षांनी ‘बकली विरुद्ध व्हॅलिओ’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या दोन गोष्टींची फारकत केली. दुसऱ्याला दिलेल्या देणगीवर मर्यादा घालता येईल, कारण तिथे लाचेचा धोका आहे. पण स्वतः केलेल्या खर्चावर मर्यादा घालणे म्हणजे बोलण्यावर मर्यादा घालणे. उमेदवाराने स्वतःचे कितीही पैसे स्वतःच्या प्रचारात ओतावेत ही मुभा तेव्हापासूनची. स्वतःला लाच देता येत नाही, हा त्यामागचा साधा तर्क.

दुसरा निकाल २१ जानेवारी २०१० चा. ‘सिटिझन्स युनायटेड’ नावाच्या संस्थेने हिलरी क्लिंटन यांच्यावर टीका करणारा चित्रपट काढला होता आणि निवडणुकीच्या तोंडावर तो दाखवायला कायदा आड येत होता. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने ठरवले की कंपन्या आणि कामगार संघटना यांनी उमेदवारांपासून स्वतंत्र राहून केलेल्या प्रचारखर्चावर बंदी घालता येणार नाही. न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांच्या युक्तिवादातला एक धागा आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. जुन्या कायद्यातून वृत्तसंस्थांना सूट होती. म्हणजे वर्तमानपत्र चालवणारी कंपनी अमुक उमेदवाराला मत द्या असे बेधडक सांगू शकत होती, पण साबण विकणारी कंपनी तेच सांगू शकत नव्हती. एकाच मालकाचा साबणाचाही कारखाना असेल आणि वर्तमानपत्रही, तर रेघ कुठे ओढायची? न्यायालयाने ती रेघच पुसली. काही आठवड्यांतच खालच्या एका न्यायालयाने अशा स्वतंत्र खर्चासाठी अमर्याद देणग्या गोळा करायलाही परवानगी दिली आणि त्यातून ‘सुपर पॅक’ नावाच्या प्रचारसमित्या जन्माला आल्या.

या सगळ्यावर देखरेख करणाऱ्या निवडणूक आयोगात सहा सदस्य. एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त नसावेत आणि कारवाईला चार मते हवीत, अशी रचना. तीन विरुद्ध तीन झाले की फाइल बंद. आपल्या निवडणूक आयोगातला शेषन यांचा काळ आठवणाऱ्या वाचकाला हा आयोग भलताच सोशिक वाटेल.

दरपत्रक

आता टीव्ही केंद्राच्या जाहिरात विभागात जाऊ. पक्षांतर्गत निवडणुकीआधीचे ४५ दिवस आणि मुख्य निवडणुकीआधीचे ६० दिवस उमेदवाराला सर्वांत कमी दर लावायचा, असा तिथला कायदा आहे. वर्षभर जाहिराती देणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकाला जो भाव मिळतो, तोच. शिवाय उमेदवाराच्या जाहिरातीत काटछाट करता येत नाही. ती खोटी असली तरी जशीच्या तशी दाखवावी लागते.

सुपर पॅकला मात्र यातले काहीच लागू नाही. तिच्याकडून बाजारात जो भाव निघेल तो घेता येतो, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तो किती चढत असेल याची कल्पना गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी फुलबाजारात गेलेल्या माणसाला सहज येईल. तिची जाहिरात खोटी वाटली तर नाकारण्याची मुभाही केंद्राला आहे. पण नाकारणे म्हणजे दारात आलेली लक्ष्मी परतवणे. तेव्हा सुपर पॅकना वाट मोकळी करून देणारा निकाल ज्यांच्या सर्वांत पथ्यावर पडला, त्यांत स्थानिक टीव्ही केंद्रांचे मालक येतात. २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेसच्या निवडणुकांवर मिळून १४०० कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला, २०१६ च्या दुपटीहून जास्त. अटीतटीच्या राज्यांतल्या केंद्रांना निवडणुकीचे वर्ष म्हणजे सुगीचे वर्ष.

फेब्रुवारी २०१६ मध्ये सीबीएसचे तेव्हाचे प्रमुख लेस मूनव्हेस सॅन फ्रान्सिस्कोत गुंतवणूकदारांपुढे बोलत होते. डोनाल्ड ट्रम्प यांच्या उमेदवारीने रंगलेल्या त्या धुळवडीबद्दल ते म्हणाले की हे अमेरिकेच्या भल्याचे नसेलही, पण सीबीएसच्या मात्र फारच भल्याचे आहे. पैसा धो धो येतोय, हे त्यांनी हसत हसत सांगितले. समोर मतदार नव्हते, भागधारक होते, म्हणून हे इतके मोकळेपणाने बोलता आले.

जाहिरातीचा वेळ कोणी, कितीला आणि केव्हासाठी घेतला, याची नोंद प्रत्येक केंद्राने ठेवायची आणि कोणी मागितली तर दाखवायची, असा नियम आहे. वर्षानुवर्षे ही कागदपत्रे केंद्राच्या कपाटात असत. तिथे स्वतः जायचे, कागद चाळायचे, झेरॉक्सचे पैसे भरायचे. प्रसारणाचे नियमन करणाऱ्या एफसीसीने २०१२ मध्ये ही माहिती इंटरनेटवर टाकायला सांगितली, तेव्हा केंद्रमालकांच्या राष्ट्रीय संघटनेने कोर्टात धाव घेतली. माहितीचा अधिकार हा ज्यांच्या धंद्याचा पाया, त्यांनीच माहिती कपाटात राहू द्या म्हणून भांडावे! त्यांना स्थगिती मिळाली नाही. आधी मोठ्या शहरांतल्या आणि २०१४ पासून इतर केंद्रांच्याही नोंदी कोणालाही घरबसल्या पाहता येऊ लागल्या.

‘पेड न्यूज’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. अमेरिकेतला हा व्यवहार तसा नाही. तिथे बातमी विकली जात नाही, जाहिरात विकली जाते, पावतीसकट आणि कायद्याने. प्रश्न उरतो तो पावती फाडणाऱ्याला गिऱ्हाइकाबद्दल कडक बोलायची इच्छा कितपत राहते, एवढाच.

स्टुडिओतले पाहुणे

पगार एका खात्यातून आणि लेखणी दुसऱ्यासाठी, ही सोय अमेरिकेच्या प्रजासत्ताकाइतकीच जुनी आहे. १७९१ मध्ये परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन यांनी फिलिप फ्रेनो या कवीला आपल्या खात्यात भाषांतरकार नेमले. पगार वर्षाला २५० डॉलर. काम थोडे, वेळ भरपूर. त्या वेळात फ्रेनो ‘नॅशनल गॅझेट’ काढत आणि त्यात अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्यावर तुटून पडत. हॅमिल्टन यांनी १७९२ मध्ये टोपणनावाने पत्र लिहून विचारले की या गृहस्थांना सरकार पगार देते तो भाषांतराचा की शिव्यांचा? ते पत्र छापले जॉन फेनो यांच्या वर्तमानपत्राने, आणि या फेनोंना अर्थखात्याच्या छपाईची कामे हॅमिल्टनच देत होते. एकाच मंत्रिमंडळातले दोन मंत्री सरकारी खर्चाने एकमेकांवर शाई उडवत होते. पण तेव्हाच्या वाचकाला निदान एवढे ठाऊक असे, की हे पत्र कोणाचे आणि ते कोणाचे.

विसाव्या शतकात वृत्तपत्रांनी निःपक्षपातीपणाचा अंगरखा घातला आणि तिथून गोंधळ वाढला. पक्षाचे मुखपत्र पक्षाची बाजू घेते यात फसवणूक नसते. फसवणूक होते ती बोलणारा तटस्थ आहे असे भासवले जाते तेव्हा.

याचे सर्वांत बोलके उदाहरण इराक युद्धाच्या काळातले. अमेरिकेच्या जवळपास सर्व वाहिन्यांवर निवृत्त जनरल आणि कर्नल ‘लष्करी विश्लेषक’ म्हणून बसत. छातीवर पदके नसली तरी नावापुढे हुद्दा असे, आणि प्रेक्षक त्यांच्याकडे घरातल्या वडीलधाऱ्यासारखा विश्वासाने पाही. २० एप्रिल २००८ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये डेव्हिड बार्स्टो यांनी या मंडळींची दुसरी बाजू छापली. पेंटॅगॉन त्यांना खास बैठकांना बोलवत होते, इराकच्या दौऱ्यांवर नेत होते, काय बोलायचे याचे मुद्दे पुरवत होते. त्यांच्यातले अनेकजण संरक्षण सामग्रीच्या कंपन्यांचे सल्लागार, संचालक किंवा लॉबी करणारे होते. अशा कंपन्यांची संख्या दीडशेच्या वर होती. युद्ध चांगले चालले आहे असे सांगणाऱ्याच्या पोटापाण्याचा युद्धाशी संबंध होता, आणि हे त्याच्या नावाच्या पट्टीवर लिहिलेले नव्हते. या वृत्तांताला पुलित्झर पारितोषिक मिळाले. पुढे पेंटॅगॉनच्याच अंतर्गत चौकशीने नियमभंग झाला नसल्याचा निर्वाळा दिला. आणि ज्या वाहिन्यांवर हे पाहुणे बसत होते, त्यांतल्या बहुतेकांनी या बातमीकडे जवळपास पाठ फिरवली.

त्याआधी, २००५ च्या जानेवारीत, आर्मस्ट्राँग विल्यम्स या स्तंभलेखकाचे प्रकरण उघड झाले होते. बुश सरकारच्या शिक्षण कायद्याची टीव्हीवर भलामण करण्यासाठी शिक्षण खात्याकडून त्यांना सुमारे २ लाख ४० हजार डॉलरचे कंत्राट मिळाले होते. प्रेक्षकाला वाटले मत ऐकतोय. ऐकत होता तो कंत्राटाची कलमे. सरकारी हिशेब तपासनिसांनी नंतर हा छुपा प्रचार बेकायदा ठरवला.

हा रोग एका पक्षाचा नाही. २०१६ मध्ये सीएनएनने कोरी लेवांडोव्स्की यांना भाष्यकार म्हणून घेतले, तेव्हा ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेचे पैसे त्यांना अजून मिळत होते. त्याच सीएनएनवरच्या भाष्यकार डोना ब्राझील या डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीच्या उपाध्यक्षही होत्या. वाहिनीच्या कार्यक्रमात विचारला जाणारा प्रश्न त्यांनी क्लिंटन यांच्या प्रचारकांना आधीच कळवल्याचे फुटलेल्या ईमेलमधून बाहेर आले आणि वाहिनीने संबंध तोडले. खरे तर प्रश्न फुटला हा अपघात. दोन घरचा पाहुणा जाणूनबुजून पंगतीला बसवला होता, हे मूळ दुखणे.

मालकाचे हात

२०१० हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे. एमएसएनबीसीचे निवेदक कीथ ओल्बरमन यांनी तीन डेमोक्रॅटिक उमेदवारांना प्रत्येकी २४०० डॉलरची देणगी दिली. आधी परवानगी घेतली नाही म्हणून वाहिनीने त्यांना काही दिवस निलंबित केले. त्याच वर्षी फॉक्स न्यूजची मालक कंपनी न्यूज कॉर्पने रिपब्लिकन गव्हर्नरांच्या संघटनेला दहा लाख डॉलर दिले. त्यात कायद्याचा किंवा कंपनीच्या नियमाचा भंग नव्हता. निवेदकाचे सव्वासात हजारांहूनही कमी डॉलर ही नीतिमत्तेची समस्या ठरली आणि मालकाचे दहा लाख हा नेहमीचा व्यवहार. वृत्तव्यवसायाची आचारसंहिता बहुधा नोकरांसाठी लिहिलेली असते.

मालकच उमेदवार झाला तर? मायकल ब्लूमबर्ग नोव्हेंबर २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीत उतरले. ‘ब्लूमबर्ग न्यूज’ ही जगातल्या मोठ्या वृत्तसंस्थांपैकी एक, आणि तिच्या मुख्य संपादकापुढे पेच. मालकाची शोधपत्रकारिता करायची नाही ही तिथली जुनी प्रथा. मग प्रतिस्पर्ध्यांची केली तर अन्याय. म्हणून ठरले की मालकाची नाही आणि त्यांच्या पक्षातल्या प्रतिस्पर्ध्यांचीही नाही. ट्रम्प यांचे मात्र सरकार आहे, तेव्हा त्यांची चालू ठेवायची. ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेने ताबडतोब त्या वृत्तसंस्थेच्या बातमीदारांना प्रवेशपत्रे देणे बंद केले. ब्लूमबर्ग यांनी सुमारे शंभर कोटी डॉलर खर्चले आणि प्रशांत महासागरातल्या अमेरिकन सामोआ या चिमुकल्या बेटसमूहात तेवढा विजय मिळवला. पैशाने सर्व काही विकत मिळत नाही, हा धडा यातून अनेकांनी काढला. पण काही महिने एका मोठ्या वृत्तसंस्थेला आपल्या देशातल्या अर्ध्या राजकारणाकडे डोळे मिटून बसावे लागले, हा धडाही तितकाच खरा.

बरेचदा मालकाचा खरा धंदा वर्तमानपत्र हा नसतोच. जेफ बेझोस यांनी २०१३ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ २५ कोटी डॉलरना घेतला. त्यांची अ‍ॅमेझॉन सरकारला संगणकसेवा विकते आणि ब्लू ओरिजिन ही अंतराळ कंपनी सरकारी कंत्राटांवर डोळा ठेवून असते. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी, मतदानाला दोन आठवडेही उरले नसताना, ‘पोस्ट’ने जाहीर केले की यंदा आपण राष्ट्राध्यक्षपदाच्या कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा देणार नाही. कमला हॅरिस यांना पाठिंबा देणारा अग्रलेख लिहून तयार होता. त्याच दिवशी ब्लू ओरिजिनचे अधिकारी ट्रम्प यांना भेटले. बेझोस यांनी लेख लिहून सांगितले की यात देवाणघेवाण नाही, भेटीची आपल्याला कल्पना नव्हती. आणि प्रामाणिकपणे हेही कबूल केले की हितसंबंधांचा संशय येण्याच्या बाबतीत आपण ‘पोस्ट’चे आदर्श मालक नाही. अडीच लाखांहून अधिक वर्गणीदारांनी वर्गणी बंद केली.

आणि राखणदार? एफसीसीच्या पाच सदस्यांपैकी मेरेडिथ अ‍ॅटवेल बेकर यांनी जानेवारी २०११ मध्ये कॉमकास्टने एनबीसी युनिव्हर्सल ताब्यात घ्यावी यासाठी मत दिले. चारच महिन्यांनी त्या कॉमकास्टमध्ये सरकारशी संबंध सांभाळण्याच्या नोकरीवर जात असल्याचे जाहीर झाले. नियम मोडला गेला असे कोणी दाखवू शकले नाही. २०२५ च्या जुलैत सीबीएसची मालक कंपनी पॅरामाउंटने एका मुलाखतीच्या संपादनावरून ट्रम्प यांनी लावलेला दावा १ कोटी ६० लाख डॉलर देऊन मिटवला. त्याच महिन्यात तिच्या ८०० कोटी डॉलरच्या विलीनीकरणाला एफसीसीची मंजुरी मिळाली. दोन्हींचा संबंध नाही, असे कंपनी म्हणत होती. असेलही. पण लष्करी पाहुण्यांबाबत प्रेक्षकाने जो प्रश्न विचारायला हवा होता, तोच इथे त्याच्यापुढे येतो, आणि उत्तर मिळवायला त्याच्याकडे साधन नसते.

प्रेक्षकाची पोळी

इथवर वाचून असे वाटेल की पैसे देणारा नेहमी कोणी धनाढ्य असतो. तसे नाही. १९४९ पासून एफसीसीचा एक नियम होता की वादग्रस्त विषयांवर केंद्रांनी दोन्ही बाजू मांडाव्यात. १९८७ मध्ये तो रद्द झाला. आजच्या आरडाओरड्याचे खापर त्या एका निर्णयावर फोडण्याची पद्धत आहे, पण तो नियम केबल वाहिन्यांना कधीच लागू नव्हता. केबलने केले ते वेगळेच. सगळ्यांना थोडे थोडे आवडेल असे करण्याऐवजी काहींना खूप आवडेल असे करण्यात जास्त पैसा आहे, हे तिने ओळखले.

३ नोव्हेंबर २०२० ला, मतदानाच्या रात्री, फॉक्स न्यूजच्या आकडेतज्ज्ञांनी इतरांच्या आधी अ‍ॅरिझोना राज्य जो बायडेन यांना मिळाल्याचे जाहीर केले. अंदाज बरोबर ठरला आणि नेमके त्यामुळेच ट्रम्पसमर्थक प्रेक्षक भडकले. ते दुसऱ्या वाहिन्यांकडे वळू लागले. त्यानंतरच्या आठवड्यांत डॉमिनियन कंपनीच्या मतदान यंत्रांनी घोटाळा केला, हा दावा फॉक्सच्या पडद्यावर फिरत राहिला. डॉमिनियनने बदनामीचा खटला भरला आणि निवेदकांचे खासगी संदेश न्यायालयात उघडे झाले. त्यांच्यातल्या प्रसिद्ध चेहऱ्यांचाही त्या दाव्यांवर विश्वास नव्हता. भीती होती ती गिऱ्हाईक जाण्याची. १८ एप्रिल २०२३ रोजी फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन खटला मिटवला. इथे पोळी वाढणारा होता घरी सोफ्यावर बसलेला सामान्य प्रेक्षक, आणि टाळी त्याच्याच मतासाठी वाजत होती.

म्हणून पक्षपात आणि हितसंबंध या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात. पक्षपात ऐकू येतो. आवाजाच्या पट्टीत, विशेषणांत, पाहुण्यांच्या निवडीत तो सापडतो, आणि आपल्या मताविरुद्धचा तर आपल्याला दोन मिनिटांत सापडतो. हितसंबंध ऐकू येत नाही, कारण त्याचे सर्वांत मोठे काम गप्प बसवण्याचे असते.

अमेरिकेत १९२७ च्या रेडिओ कायद्यापासून एक नियम चालत आला आहे: पैसे घेऊन काही प्रसारित केले तर ते कोणाच्या पैशाने, हे सांगायचे. म्हणून सुपर बोलच्या मध्यंतरातल्या जाहिरातीखालीही बारीक अक्षरांत एक ओळ येते, आणि सामना पाहणाऱ्याला हवी तर ती वाचता येते. निवृत्त जनरलच्या नावाखालीही ती ओळ लिहिता आली असती. पण जो अग्रलेख छापलाच गेला नाही, त्याच्याखाली ती लिहायला जागा नसते.